हिरव्या नोकरीचा अर्ज

माझ्या आयुष्यातले सगळे अर्ज हिनं लिहिले. मी फक्त सही केली. मी चौथी पास. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. ते राहिले, मी निघालो. ही जुनी अकरावी झालेली. लग्न झालं तेव्हा मी वीज मंडळात हेल्पर होतो. मग लाइनमन झालो आणि चौतीस वर्षं खांबावर चढलो. त्या चौतीस वर्षांत रजा, बदली, बूट, रेनकोट, साहेबाची तक्रार, काय लागेल ते हिनं आधी कच्च्या वहीत लिहायचं, खाडाखोड करायची आणि मग कोऱ्या कागदावर उतरवायचं. वर "विषय", खाली "महोदय", मग "वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की". इथपर्यंत मलाही पाठ झालं होतं. त्याच्यापुढं कारण यायचं, आणि कारण बहुतेक वेळा एकच. "पत्नीची प्रकृती अत्यवस्थ असल्यामुळे."

बाई अशी की दोन घागरी डोक्यावर, एक कमरेला, वर शेजारणीशी भांडण चालू. साधा ताप यायचा नाही. पण माझ्या रजेपायी तिनं स्वतःला कितीदा अंथरुणाला खिळवलं त्याला हिशेब नाही. एकदा साहेब खरंच बघायला घरी आले. ही अंगणात कुरडया घालत होती. साहेबांना चहा दिला आणि म्हणाली, "आत्ता जरा उतार पडलाय बघा."

मागच्या फेब्रुवारीत खरी आजारी पडली. तेव्हा अर्ज कुणाकडं करायचा ते मला ठाऊक नव्हतं.

हे झालं इथं, ओहायोतल्या डब्लिनमध्ये. मुलगा इथं कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तळघरात बसून नोकरी करतो. जेवायला वर येतो, ताट ठेवतो, परत खाली जातो. आम्हा दोघांना त्यानं आणलं, कागदपत्रं केली, पुढं आम्ही अमेरिकेचे नागरिकही झालो. परीक्षेत ही पहिल्या फटक्यात पास, मी दुसऱ्या, तीही उत्तरं पाठ करून. शपथ घेऊन आलो त्या दिवशी ही म्हणाली, "आता मत द्यायला मिळंल." तिला मिळालं नाही.

ती गेल्यावर मी रोज सकाळी सहाला उठायचो, अंघोळ करून बूट घालायचो आणि जायचं कुठं ते सुचायचं नाही. टपालपेटीपर्यंत जाऊन यायचो. टपाल दुपारी येतं हे माहीत असून जायचो. पेटी उघडायची, आतला अंधार बघायचा, बंद करायची.

सून नागपूरची. मन साफ, तोंड चालू. एक दिवस म्हणाली, "बाबा, समोरच्या बाईनं मला विचारलं, तुमचे सासरे रोज सकाळी रिकामा मेलबॉक्स का चेक करतात? मी काय सांगू? चला नं माझ्यासोबत. आमच्या कँडिडेटची मीटिंग आहे लायब्ररीत."

सुनेला राजकारणाचा नाद. ही उमेदवारीण बाई इथल्या काँग्रेसला, म्हणजे आपल्या भाषेत लोकसभेला उभी होती. सून म्हणाली, "ती प्रोग्रेसिव्ह आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुरोगामी. सगळ्यांना दवाखाना, सगळ्यांना काम, आणि कोळसा बंद."

"कोळसा बंद केल्यावर तारेतून काय सोडणार, ताक?"

"ते ऐकायलाच चला."

गेलो. शनिवारची दुपार होती. बाई पन्नाशीची, आधी शाळेत विज्ञान शिकवायची. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण बसलो. सून कानात सांगत होती.

"म्हणतेय, सरकार पैसा देणार. घरांच्या भिंतीत इन्सुलेशन भरायचं, खिडक्यांच्या फटी बुजवायच्या, छतावर सोलर लावायचं, जुने पोल आणि वायर्स बदलायच्या. ग्रीन जॉब्स, बाबा. हिरव्या नोकऱ्या."

"खांब म्हणाली?"

"हो."

"पगार कोण देणार, सरकार?"

"गव्हर्नमेंट फंडेड आहे, म्हणजे..."

"म्हणजे सरकारी."

"एक्झॅक्टली तसं नाही हो. आधी बिल पास व्हावं लागतं, मग ग्रँट येते, मग स्टेट ठरवतं..."

पुढचं मी ऐकलंच नाही. सरकार, नोकरी आणि खांब हे तीन शब्द एका वाक्यात आले की माझ्यासारख्याला चौथा लागत नाही. वयाचं म्हणाल तर कागदावर बहात्तर. पण ती तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी मनानं टाकलेली, तेव्हा दोनचार वर्षं इकडंतिकडं धरायला काही हरकत नव्हती. खांबावर चढवणार नाहीत हे मलाही कळत होतं. खालून दोर धरायला तरी माणूस लागतोच. सकाळी बूट घालून जायला जागा झाली असती.

आता असल्या माणसाकडं नोकरी मागायला जायची आमच्याकडं एक रीत आहे. उठलं आणि हात पसरला असं चालत नाही. आधी प्रचारात घाम गाळायचा, आपल्या माणसांची मतं दाखवायची, मग नारळ आणि शाल घेऊन जायचं आणि मग अर्ज पुढं करायचा. मी रीतीनं जायचं ठरवलं. सुनेला म्हटलं, "मी प्रचाराला येतो." ती इतकी खूश झाली की मला लाज वाटली.

इथला प्रचार म्हणजे पापभीरू माणसाचं काम. जीप नाही, भोंगा नाही, घोषणा नाही. दोघंदोघं जायचं, बेल वाजवायची, दोन मिनिटं बोलायचं, पत्रक द्यायचं, आभार मानायचे आणि निघायचं. घरात जायचं नाही. टपालपेटीत पत्रक टाकायचं नाही, तो गुन्हा. फोनमध्ये प्रत्येक घराला एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे आपला पक्का माणूस, पाच म्हणजे मेला तरी मत देणार नाही. सून बोलायची आणि मी मागं उभा राहून त्यांचा मीटर बघायचो. दोनचार घरं मात्र मीच पटवली. ती देशी होती. एका पुण्याच्या काकूंनी विचारलं, "काका, ही बाई निवडून आली तर काय होईल?" मी म्हटलं, "माझी ऑर्डर निघेल."

सून रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "बाबा, असं नाही सांगायचं."

"मग कसं सांगायचं?"

"क्लायमेटबद्दल सांगायचं."

"काकूंना क्लायमेट काय सांगू? त्या पुण्याच्या आहेत."

आमच्या दोन गल्ल्या पलीकडं एक घर आहे. अंगणात विरुद्ध पार्टीची पाटी, चांगली कमरेइतकी उंच. सून म्हणाली, "हे स्किप करू या." मी म्हटलं, "यादीत आहे ना? मग बेल वाजव." दार एका गोऱ्या म्हाताऱ्यानं उघडलं आणि मागं ओढून घेत बाहेर आला. माझ्याच वयाचा, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. सून दोन वाक्यं बोलली असेल, त्यानं हात वर केला. समाजवाद नको, फुकटचं नको, पत्रक नको, असं काहीसं म्हणाला. सून "थँक यू" म्हणून वळलीसुद्धा.

पण मला पायाला गार लागत होतं. वारा बाहेरून आत जात होता. मी वाकून उंबऱ्यापाशी हात धरला. दार आणि उंबऱ्याच्या मधे बोटभर फट.

"हे, हे!" म्हातारा ओरडला.

माझं इंग्रजी खांबावरचं. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, लोड, त्याच्या पलीकडं फार जात नाही. मी बोट दाखवून म्हटलं, "युवर हीटर, होल ओहायो हॉट."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हसला. हसताना खोकला लागला, खोकताना दाराला धरलं. मी सुनेच्या पिशवीतून पत्रकं घेतली, तिपदरी घडी घातली आणि फटीत ठासत गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईचा फोटो बाहेरच्या बाजूला आला, हसरा. वारा थांबला. म्हाताऱ्यानं खाली बघितलं, आपल्या दारात कोण अडकली आहे ते बघितलं आणि शिवी दिली. पण काढलं नाही.

निघताना मी त्याच्या व्हरांड्यात बघितलं. दोन खुर्च्या होत्या. एकीवर कुंडी ठेवली होती, म्हणजे कुणी बसू नये. मला कळलं. सुनेनं फोनमध्ये पाच टाकला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एका घरात अकरा पत्रकं संपवली."

ऑक्टोबर सरत आला तेव्हा मी अर्जाला बसलो. हिची कच्ची वही मुलानं बाकी सामानाबरोबर वर माळ्यावर टाकली होती, ती काढली. तिच्या अक्षराखाली रेघ ओढून सुरुवात केली. "विषय : हिरवी नोकरी मिळणेबाबत." "महोदया." "वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो की, मी चौतीस वर्षे लाइनमन असून एकदाही शॉक लागून मेलेलो नाही." इथपर्यंत बरं चाललं. मग कारण आलं. मागची पानं उलटली. पत्नीची प्रकृती, पत्नीची प्रकृती, पत्नीची प्रकृती. एका ठिकाणी तर तिनं स्वतःला विषमज्वर लावला होता आणि मग खोडून कावीळ केली होती, कारण काविळीला जास्त दिवस मिळतात.

दोन दिवस वही उघडी ठेवून बसलो. शेवटी लिहिलं, "कारण : पत्नी वारली. सकाळी उठून जायला जागा नाही." खाली "आपला आज्ञाधारक" लिहून सही केली. पहिल्यांदाच सहीच्या वरचंही माझंच होतं. वेलांट्या चुकल्या असतील. तपासायला कोण होतं?

शाल निवृत्तीची होती. निरोपसमारंभात साहेबांनी माझ्या खांद्यावर घातलेली, हिनं डांबरगोळ्या घालून अमेरिकेपर्यंत आणलेली. मी म्हटलं, ही बाई नोकरी देणार, तर निवृत्ती तिलाच परत करावी. नारळ देशी दुकानातून आणला. अमेरिकेत नारळ भादरून विकतात, शेंडी नावालाही ठेवत नाहीत. बोडका नारळ कुणाला द्यायचा? गॅरेजमधली सुतळी पिंजून मी त्याला शेंडी केली आणि डिंकानं चिकटवली. मुलगा जेवायला वर आला होता. त्यानं बघितलं आणि ताट घेऊनच तळघरात गेला.

प्रचाराचं ऑफिस एका पिझ्झाच्या दुकानाशेजारी होतं. बाई उभी होती. मी शाल तिच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि नमस्कार केला. ऑफिसमधल्या पोरींनी फोटो काढले. एकीनं नारळ कानाशी धरून हलवला. दुसरीनं शेंडी ओढली, ती हातात आली, तिचं तोंड असं झालं की जसं काही जिवंत जनावर मारलं. बाईनं शाल काढली नाही. म्हणाली, ऑफिसात गार आहे, बरं वाटतं. मग मी अर्ज पुढं केला.

बाईला मराठी कुठून येणार? सुनेनं वाचून इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. विषय सांगितला, शॉकचं सांगितलं, पोरी हसल्या. कारणापाशी आली आणि थांबली. मी म्हटलं, "अक्षर लागत नाही का?" ती म्हणाली, "लागतंय." मग हळू आवाजात तेवढं सांगितलं. बाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सुनेशी बराच वेळ बोलली.

"काय म्हणते?"

सून म्हणाली, "म्हणते, बघते."

आता पुढारी "बघतो" म्हणाला की आमच्याकडं निम्मं काम झालं असं धरतात. मी त्या आठवड्यात दुप्पट घरं केली.

मत द्यायला एका चर्चच्या हॉलमध्ये गेलो. मतपत्रिकेवरचे गोळे नीट काळे केले. बाहेर पडताना एक म्हातारी मतदान केल्याची चिकटी देते, शर्टाला लावायची. मी दोन मागितल्या. ती म्हणाली, एका माणसाला एक. मी म्हटलं, "वाइफ." ती मागं बघायला लागली, बायको कुठं आहे. मी वर बोट दाखवलं. तिनं आधी छताकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गुपचूप दुसरी दिली. ती मी घरी येऊन कच्च्या वहीवर लावली.

बाई पडली. सकाळी सहाला उठून अंघोळ केली, बूट घातले आणि स्वयंपाकघरात आलो तर सून ओट्याला टेकून चहा पीत होती. डोळे सुजलेले.

"किती मतांनी?"

"खूप."

"मग माझं?"

तिनं उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला. मग कप ठेवला आणि म्हणाली, "बाबा, एक सांगू? रागावू नका. ती त्या दिवशी 'बघते' नव्हती म्हणाली. म्हणाली, जिंकले तरी माझ्या हातात एकही नोकरी नाही, त्यांना खोटी आशा देऊ नकोस. मीच..."

"तूच सांगितलंस."

"हो."

"मग आठवडाभर मला लोकांच्या पायऱ्या कशाला चढवल्यास?"

"तुम्ही चढत होतात म्हणून," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला शिवी द्यायची होती, पण सुनेला देता येत नाही. अमेरिकेला दिली. मग तिला म्हटलं, "चहा टाक माझा." बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि खिडकीत बसलो. दोन दिवस बसलो. टपालपेटीकडंही गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तो पाच नंबरवाला म्हातारा, अंगणातल्या बाईच्या पाटीवरून घर हुडकत आलेला. हातात बाईची ओली, चुरगळलेली पत्रकं. सुनेला म्हणाला, "अशी अजून आहेत का?"

सून म्हणाली, "आता कशाला? आम्ही हरलो."

"माहीत आहे. मी विरोधातच मत दिलं," म्हातारा म्हणाला. "पण ही भिजली आणि वारा परत यायला लागला." मग सुनेच्या मागं मला शोधायला लागला. "तो होल ओहायो हॉट कुठं आहे?"

मी बूट घातले.

त्याचं घर बघून मला रडू आलं असतं. एक फट म्हणता अख्खं घर चाळण. खिडक्या खुळखुळत होत्या, माळ्याचं झाकण वाकलं होतं. बायको होती तेव्हा ती कापडाच्या लांब पिशव्यांत वाळू भरून दारांना लावायची, असं त्यानं खुणेनं सांगितलं. पिशव्या उंदरांनी फोडल्या. त्याला गुडघ्यांनी वाकवेना, मला शिडीवर बरं वाटतं. दुकानातून फोमच्या पट्ट्या आणि फटी बुजवायची नळी आणली. तो खालून शिडी धरून सूचना करायचा, मी वरून मराठीत उत्तरं द्यायचो. काही अडलं नाही.

दोन खिडक्या झाल्या होत्या तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. सून आणि ती पडलेली बाई. बाई प्रचारातल्या सगळ्यांच्या घरी आभार मानायला फिरत होती. मी घरी नाही म्हटल्यावर इथं आली, विरुद्ध पार्टीच्या पाटीला वळसा घालून. एका हातात घडी केलेली शाल, दुसऱ्या हातात नारळ. शेंडी तिनं परत चिकटवली होती, उलटी.

म्हाताऱ्यानं तिला ओळखलं. फोटो महिनाभर त्याच्या पायापाशीच होता. "तुमची पत्रकं चांगली आहेत," तो तिला म्हणाला. "वारा अडवतात. तुमच्याबद्दल एवढंच चांगलं बोलता येईल."

बाई खळखळून हसली. मग मला म्हणाली, सून सांगत गेली, "तुम्हाला नोकरी देऊ शकले नाही. हे परत करायला आले. आणि हा कसा उघडतात तेही मला कळलं नाही."

मी शिडीवरून उतरलो. शाल परत घेतली नाही. नारळ घेतला, त्या उलट्या शेंडीसकट, आणि म्हाताऱ्याच्या पायरीवर दोन घाव घातले. पाणी उडालं ते म्हाताऱ्याच्या बुटावर. तो दचकून मागं झाला. सुनेनं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यानं खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि अर्धा तास चावत बसला. बाई शाल पांघरून शिडी धरायला उभी राहिली. तिला म्हटलं, "घट्ट धर, माझं वय कागदावर बहात्तर आहे." सुनेनं सांगितलं. बाईनं दोन्ही हातांनी धरली.

निघताना म्हाताऱ्यानं माळ्याकडं बोट दाखवलं आणि मग आठ बोटं. मी मान हलवली. सकाळी आठ.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी स्वयंपाकघरात डबा भरत होतो. चार चपात्या, वांग्याची भाजी, कांदा वेगळा कागदात. ही भरायची तसा. सून खाली आली.

"बाबा, हे काय? त्यांचं घर पाच मिनिटांवर आहे. दुपारी घरी या नं जेवायला, मी गरम वाढते."

"कामावर जाताना डबा नेतात," मी म्हटलं.

तिनं झाकण उघडून बघितलं. आणखी दोन चपात्या वर ठेवल्या. "त्यांनाही द्या," म्हणाली. "आणि भाजीत तिखट जास्त झालंय तुमच्या हातून. ते पाच नंबर आहेत, मेले तर आपल्यावर येईल."